तौलनिक साहित्यात पीएचडी, आणि आठवड्यातून तीनदा निबंधाचा तास

तळटीप
१२ सप्टेंबर, रात्री १०.४०

आत्या दर फोनला विचारते, "मराठीच शिकायचं होतं तर अमेरिकेत कशाला गेलीस गं?" तिच्या जागी तिचा प्रश्न बरोबर आहे. फोनवर मला त्याचं धड उत्तर देता आलेलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. या वाटेने येऊ पाहणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर फारच बरं.

मी मराठीत एमए केलं, दोन वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं आणि मग इथल्या एका सरकारी विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या पीएचडीला आले. हे पाचवं वर्ष.

दोन लेखक शेजारी ठेवायचे, एका बाजूला साम्यं लिहायची, दुसऱ्या बाजूला भेद, म्हणजे झालं तौलनिक साहित्य, अशी माझी येईपर्यंत समजूत होती. परीक्षेत प्रश्नच तसा यायचा. आता माझ्या प्रबंधातलंच एक उदाहरण देते. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फार्सीचे प्राध्यापक. फार्सी-मराठी कोश त्यांनी केला, १९२५ साली तो निघाला. मराठीत गझल त्यांनी रुजवली. फार्सी कवी उमर खय्यामच्या रुबाया, म्हणजे चार-चार ओळींच्या कविता, त्यांनी मूळ फार्सीवरून मराठीत आणल्या आणि फिट्झेराल्डच्या इंग्रजी रूपांतरावरूनही आणल्या. माणूस एक, भाषा एक, वाटा दोन. फिट्झेराल्डचं पुस्तक १८५९ चं. फार्सी हस्तलिखितांत रुबाया यमकाच्या अक्षराप्रमाणे लावलेल्या असतात, एकीचा दुसरीशी संबंध असेलच असं नाही. फिट्झेराल्डने त्या पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या एका दिवसात ओवल्या. मग मराठी वाचकाला जो खय्याम भेटला तो नैशापूरचा की इंग्लंडचा? आणि ज्यांनी दोन्ही पाहिले होते त्या माधवरावांनी शब्द निवडताना कुणाचं ऐकलं?

कोडं इथे संपत नाही. ज्यांनी फार्सी-मराठी कोश केला त्याच माधवरावांनी पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली, त्यावर १९३८ साली पुस्तक लिहिलं. हे नुसतं मराठी वाचून उलगडत नाही, नुसतं फार्सी वाचूनही नाही. त्यासाठी मी सत्ताविसाव्या वर्षी अलिफ-बे गिरवायला बसले. तिथे 'अर्ज', 'दफ्तर', 'खर्च', 'हजर' असे आपल्या घरातले शब्द एकेक करून भेटत गेले. पहिल्या वर्षाचा सगळा थकवा त्या भेटींनी घालवला.

हा झाला अभ्यासाचा भाग. मला जास्त बोलायचंय ते दुसऱ्या कामाबद्दल.

इथे पीएचडीची फी माफ होते, महिन्याचं विद्यावेतन मिळतं आणि त्या बदल्यात शिकवावं लागतं. तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बऱ्याचदा पहिल्या वर्षाचा लेखनाचा वर्ग येतो. मुलगा अभियांत्रिकीचा असो, नर्सिंगचा असो की संगीताचा, लिहिण्याचा हा वर्ग त्याला चुकत नाही. हार्वर्डने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा सक्तीचा वर्ग सुरू केला आणि ती पद्धत देशभर गेली.

माझ्या पहिल्या वर्गात १९ जण होते. पहिला निबंध आला. मी आपल्याकडच्या सवयीने लाल पेन घेतलं आणि एकूण एक चुकांखाली रेघा मारल्या. वह्या परत दिल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा थांबला. त्याचे वडील मालट्रक चालवायचे, घरात कॉलेजात आलेला तो पहिलाच. त्याने विचारलं, "हे सगळं चुकलंय ते कळलं. पण मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळलं का?"

मला सांगता येईना. चाळीसेक रेघा मारल्या होत्या, पण त्याचं म्हणणं मी वाचलंच नव्हतं.

त्या आठवड्यात आमच्या लेखन-वर्गांच्या प्रमुख बाईंनी मला मिना शॉनेसी यांचं पुस्तक दिलं. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने शहरातल्या बारावी झालेल्या सगळ्यांना दारं उघडली. कामगारांची, कृष्णवर्णीयांची, पोर्तो रिकोहून आलेल्यांची मुलं वर्गात आली आणि प्राध्यापक म्हणाले, यांना लिहिताच येत नाही. शॉनेसीबाई तिथल्या सिटी कॉलेजात शिकवत होत्या. त्यांनी या मुलांचे सुमारे ४,००० प्रवेश-निबंध वाचून काढले आणि १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की चूक सहसा आंधळी नसते, तिच्यामागे लिहिणाऱ्याने मनाशी केलेला एक नियम असतो. तो नियम ओळखा, मग शिकवा.

मी ते पुस्तक दोन रात्रींत वाचलं आणि मग खूप वेळ आपल्याकडच्या वर्गांचा विचार करत बसले. एमएच्या दोन वर्षांत मी शेकडो पानं लिहिली, पण सगळी परीक्षेत. एकही पान 'हे पुन्हा लिहून आण' असा शेरा घेऊन माझ्याकडे परत आलं नाही. आणि शिकवायला लागल्यावर मी तरी काय केलं? माझ्याही वर्गातल्या मुलांनी 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' गाइडमधून उतरवलं आणि मी दहापैकी सात दिले.

इथे मसुदा, मग वर्गमित्राचं वाचन, मग दुसरा मसुदा, मग शिक्षकाशी पंधरा मिनिटं बोलणं, मग तिसरा असा क्रम असतो. सकाळी मी मुलांना विचारते, "हाच शब्द का?" दुपारी ग्रंथालयात माधवरावांच्या एका ओळीपुढे बसून तोच प्रश्न त्यांना विचारते. अनुवाद ताडून पाहणं आणि मसुदा सुधारणं ही दोन कामं माझ्या हातांना आता वेगळी वाटत नाहीत. मराठीच्या एमएमध्ये शेजारच्या भाषांचं वाचन हवं आणि लिहायला शिकवणंही हवं, दोन्ही एकाच वर्गात, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

पाटीपेन्सिल
१३ सप्टेंबर, सकाळी ७.१५

ताई, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. मी हिंगोली जिल्ह्यातली. यंदा मराठी एमएचं शेवटचं वर्ष. घरी कीर्तनाची परंपरा आहे, आजोबा नामदेवांचे अभंग लावायचे. मला नामदेवांवर काम करायचंय, मराठीतले आणि पंजाबातले. हे तौलनिक साहित्यात बसतं का? माझं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं आहे, लिहायची भीती वाटते. आणि पैसे अजिबात नाहीत. खोटी आशा देऊ नका, पण खरं सांगा.

---

तळटीप
१३ सप्टेंबर, रात्री ९.०५

अगं, बसतं का म्हणून काय विचारतेस! गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. मराठी संत शीख धर्मग्रंथात कसा पोचला आणि पोचताना त्याच्या भाषेचं काय झालं, यापेक्षा नेमका तौलनिक विषय दुसरा कुठला असणार?

आता व्यवहाराचं. बहुतेक विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत भरायचे असतात, वर्ग पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. लागतं काय, तर उद्देशपत्र, वीसेक पानांचा स्वतःचा समीक्षालेख, तीन शिफारसपत्रं, गुणपत्रकं आणि इंग्रजीची परीक्षा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच साहित्य विभागांनी काढून टाकलीय, तरी प्रत्येक ठिकाणचं नीट बघ. तौलनिक साहित्यात तीन भाषांची अपेक्षा सर्रास असते. तुझ्याकडे मराठी, हिंदी, इंग्रजी आजच आहेत. गुरुमुखी लिपी शीक, दोन महिन्यांत वाचायला लागशील.

पैशांचं म्हणशील, तर विद्यावेतनासकट प्रवेश मिळाला तरच ये. साहित्याच्या पीएचडीसाठी कर्ज काढून कुणीही येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, तेही विद्यापीठाच्या आवारातच. म्हणजे वरकमाई करून तूट भरून काढू, हा हिशेब चालत नाही. अर्जाची फी मात्र बऱ्याच ठिकाणी विनंती केल्यावर माफ होते. विचारायला लाजू नकोस. एकाहून जास्त ठिकाणी निवड झाली तर १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ मिळतो, विद्यावेतन देणारी बहुतेक विद्यापीठं ती तारीख पाळतात.

इंग्रजी लिहायची भीती मलाही होती. समीक्षालेख आधी मराठीत लिही. विचार पक्का झाला की मग इंग्रजीत आण. उद्देशपत्राचा पहिला परिच्छेद इथे टाकलास तर आपण सगळे मिळून वाचू.

---

जोडाक्षर
१४ सप्टेंबर, दुपारी १.३०

अमेरिकेच्या आधी कोलकाता आणि हैदराबादही बघा, असं सांगायला आलो. मी जादवपूरला होतो. तिथला तौलनिक साहित्य विभाग १९५६ चा, भारतातला पहिला, कवी बुद्धदेव बसूंनी उभा केलेला. त्याचीही पूर्वपीठिका आहे. १९०७ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषदेसाठी रवींद्रनाथांना तौलनिक साहित्यावर बोलायला सांगितलं होतं. त्यांनी बंगालीत त्याला स्वतःचं नाव दिलं, विश्वसाहित्य. त्याच परिषदेच्या संस्थेतून पुढे जादवपूर विद्यापीठ झालं. पहिल्या तुकडीत नवनीता देवसेन शिकल्या आणि पुढे तिथेच त्यांनी शिकवलं.

माझ्या वर्गात मी एकटाच मराठी. सर म्हणायचे, तुझ्या भाषेतलं काही आण, आम्हाला येत नाही तेच आण. मी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घेऊन गेलो. त्यांचा पयार हा बंगाली छंद आणि आपली ओवी शेजारी म्हणून बघण्यात आख्खी दुपार गेली. आपली ओवी मी तोवर छापील पानावर पाहत आलो होतो, त्या दिवशी प्रथम कानाने वाचली.

हैदराबाद विद्यापीठातही तौलनिक साहित्याचं स्वतंत्र केंद्र आहे. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला तौलनिक साहित्य हा वेगळा विषय आहे आणि तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. पाटीपेन्सिल, नामदेवांसाठी पंजाबात जाऊन राहायचं तर तुला भारतातूनच सोपं पडेल. तिकडच्या ग्रंथालयांपेक्षा इथली माणसं तुझ्या विषयाला जास्त लागतील.

---

गोदाकाठ
१४ सप्टेंबर, रात्री ८.२०

तळटीप, तुमचं लेखन आवडलं. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो आहे. दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली म्हणजे हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई विद्यापीठात गुरुदेव टागोर यांच्या नावाचं तौलनिक साहित्याचं अध्यासन होतं. वसंत बापट त्या जागी होते, पुढे भालचंद्र नेमाडे होते. बापटांनी या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला. आम्ही तो वाचूनच शिकवायला उभे राहिलो.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. आपण तुलना केली ती सदैव इंग्रजीशी. आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणलं १८८३ मध्ये, देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला. चांगलंच केलं. पण त्यामुळे आपली मान जी पश्चिमेकडे वळली ती वळलेलीच राहिली. विठ्ठलाला 'कानडा' म्हणणारा अभंग आपण रेडिओवर डोळे मिटून ऐकतो, आणि शेजारच्या कन्नड वचनकारांची, म्हणजे बसवेश्वरांसारख्या संतकवींची, चार वचनं आपल्या एमएच्या विद्यार्थ्याला माहीत नसतात. सोलापुरात, जतमध्ये, अक्कलकोटला मुलं दोन्ही भाषा बोलत वर्गात येतात आणि आम्ही त्यांचं कन्नड दाराबाहेर ठेवायला लावतो. माझ्याही हातून ते झालं. परदेशी विद्यापीठात शिकताना त्यांचे मापदंड नकळत आपल्या हाडीमाशी मुरतात, ही माझी चिंता आहे. तिथून आलेला अभ्यासक ओवी मोजायला फूटपट्टी कुठली वापरणार?

---

निळीशाई
१५ सप्टेंबर, सकाळी ११.१०

गोदाकाठ सर, आदर ठेवून असहमत आहे. कुठल्या डोळ्यांनी बघायला गेलो यावर ते ठरतं.

म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकायला गेले, अमेरिकन कवी व्हिटमनवर डॉक्टरेट केली. परत येऊन औरंगाबादला बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांचं लेखन त्यांनी आपल्या तरुण लेखकांसमोर ठेवलं आणि सांगितलं, तुमचं जगणं हाच तुमचा वाङ्मयीन ऐवज आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरशी नावातच तुलना होती. त्याच्या ९९ वर्षं आधी, १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. ही तुलना कुणी आमच्यावर लादली नव्हती. आम्ही समदुःखी शोधत गेलो आणि ते आम्हाला पुस्तकांत सापडले.

आता पाटीपेन्सिल आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं असावं लागतं, अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत अक्षर न अक्षर वाचा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे, पण २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे आमच्या मुलीने बाहेर जाऊन व्हिटमनवर लिहायचं, पण वानखेडे सरांवर लिहायचं तर पैसे नाहीत. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. हा धागा शिष्यवृत्तीचा नसला तरी कोण कुठला विषय निवडू शकतो, हे इथूनच ठरतं.

---

गोदाकाठ
१५ सप्टेंबर, रात्री ९.००

निळीशाई, वानखेडे सरांचं उदाहरण माझ्या मनात यायला हवं होतं. माझं कालचं विधान मी मागे घेतो. फूटपट्टी नेणाऱ्याबरोबर जाते हे खरं. कन्नडबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे.

---

खडूफळा
१६ सप्टेंबर, सायंकाळी ६.४५

मी यवतमाळ जिल्ह्यात बारावीला मराठी शिकवतो. वर्गात ९४ मुलं. तळटीप ताई, तुमच्या १९ मुलांचं वाचून हेवा वाटला, खरं सांगतो. तीन मसुदे कोण वाचणार? अभ्यासक्रम कधी संपणार?

आणि शुद्धलेखनाचं काय करायचं? माझी मुलं 'पाऊस येऊन राहिला' लिहितात, 'पानी' लिहितात, 'मले' लिहितात. बोर्डाचा पेपर तपासणारा गुण कापतो. मी दुरुस्त केलं नाही तर त्यांचं नुकसान, केलं तर ती लिहायचंच थांबतात. मागच्या वर्षी एका मुलीची वही मी लाल करून दिली. त्यानंतर वर्षभर तिने चार ओळींच्या वर काही लिहिलं नाही. ती मुलगी वर्गात सगळ्यात छान बोलायची.

---

तळटीप
१७ सप्टेंबर, सकाळी ६.३०

दादा, तुमच्या त्या मुलीमुळे मला माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा आठवला.

'येऊन राहिला' ही चूक नाहीच. वऱ्हाडीत चालू क्रियेचं ते नियमित रूप आहे. तुमची मुलं ते कधी चुकवत नसतील, कुठेही बसवा, बरोबर बसवतील. शॉनेसीबाई म्हणतात तो नियम हाच. 'पानी'ही तसंच, तिथे ण उच्चारात नाहीच तर कानाला तो कुठून सापडणार? अमेरिकेत महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्यांची जी परिषद आहे तिने १९७४ मध्ये ठराव केला की विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या बोलीचा हक्क आहे. त्यावर तिथे अजून वाद होतात. पण त्या ठरावानंतर शिक्षकाला निदान एवढं तरी विचारावं लागतं की मी चूक दुरुस्त करतोय की मुलाच्या आईची भाषा.

आपले शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ केले, पुढे त्यांत चार घातले. ते शिकवायलाच हवेत, कारण गुण तिथे आहेत आणि नोकरीचा अर्जही तिथेच अडतो. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. पहिल्या मसुद्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. तेव्हा फक्त म्हणणं वाचा. नियम शेवटच्या मसुद्यात, आणि एका वेळी एकच नियम.

९४ मुलांचे तीन मसुदे एका माणसाला अशक्य आहेत. म्हणून सगळे वाचू नका. जोड्या लावा. दुसऱ्याचा निबंध वाचून प्रत्येकाने खाली दोनच गोष्टी लिहायच्या: मला यातलं काय डोळ्यांपुढे दिसलं, आणि मला कुठे काही कळलं नाही. 'छान आहे' लिहायला बंदी. तुम्ही फक्त पहिला परिच्छेद वाचा, दिवसाला दहा. विषय गाइडमध्ये नसलेला द्या, म्हणजे उतरवायला काही सापडणार नाही.

---

मांडवीपार
१७ सप्टेंबर, रात्री ११.२०

गोव्याहून एक छोटी भर. आमच्या घरात आजी कोंकणी बोलायची, पोथी मराठीत वाचायची आणि आजोबांचे जमिनीचे कागद पोर्तुगीजमध्ये. तुलना आम्ही पाटावर बसूनच शिकलो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचलं, ते १६१६ मध्ये आमच्या राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. बायबल आहे, पुराणाची बैठक आहे, ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांची आहे, लिपी परकी आहे. कुणाला विषय हवा असेल तर एका पुस्तकात चार भाषांचं काम पडलंय. आणि बाकीबाब बोरकरांच्या मराठी आणि कोंकणी कविता शेजारी ठेवून कुणी तरी नीट वाचा हो. एकच कवी दोन भाषांत श्वास कसा बदलतो ते मला अजून शब्दांत मांडता आलेलं नाही, वीस वर्षं प्रयत्न करतोय.

---

पाटीपेन्सिल
१९ सप्टेंबर, दुपारी ४.००

ताई, धीर करून पहिला परिच्छेद टाकते.

"मला लहानपणापासूनच साहित्याची अतिशय आवड आहे. महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. संत नामदेवांनी भागवत धर्माची पताका पंजाबपर्यंत फडकवली. त्यांच्या कार्याचा तौलनिक अभ्यास करून मानवतेचा संदेश जगापर्यंत पोहोचवावा असे मला मनापासून वाटते. आपल्या नामांकित विद्यापीठात ही संधी मिळाल्यास मी तिचे सोने करेन."

---

तळटीप
१९ सप्टेंबर, रात्री १०.१५

टाकलंस, बरं केलंस. मी दोनच प्रश्न विचारते, वर खडूफळा दादांना सांगितले तेच.

मला डोळ्यांपुढे काय दिसलं? काहीच नाही. ही वाक्यं कुठल्याही वक्त्याच्या भाषणात बसतील, त्यांत तू नाहीस. कुठे कळलं नाही? नामदेवांमध्ये तुला नेमकं काय खटकतं किंवा काय सुटत नाही, ते. निवड करणारी समिती विषयाचं मोठेपण शोधत नसते. या मुलीला एखादा प्रश्न पडला आहे का आणि तिने त्याच्यासाठी काही उचापत केली आहे का, हे ती बघते.

तू हिंगोलीची आहेस. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी तुझ्यापासून किती लांब? तिथे तू काय पाहिलंस? तिथून सुरू कर आणि विशेषणं सगळी काढून टाक.

---

खडूफळा
८ ऑक्टोबर, रात्री ९.३०

ताई, तीन आठवडे करून पाहिलं. विषय दिला, 'आमच्या घरी संध्याकाळी सहा वाजता'. पहिल्या फेरीत बहुतेकांनी सूर्यास्ताचं वर्णन केलं. जोड्या लावल्यावर गोंधळ झाला, निम्म्या वह्यांवर 'छान आहे' हेच होतं. दुसऱ्या आठवड्यात थोडं जमलं. तासिका बुडाल्या, व्याकरणाचा एक घटक मागे पडलाय, तो दिवाळीनंतर भरून काढीन.

एका मुलाचं सांगतो. पहिल्या मसुद्यात त्याने लिहिलं होतं, 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे.' त्याच्या जोडीदाराने खाली लिहिलं, 'तुझे बाबा सहा वाजता काय करतात ते कळलं नाही.' दुसरा मसुदा असा सुरू होतो: 'बाबा फवारणीवरून येऊन राहिले की माय आम्हाले त्यायच्याजवळ जाऊ देत नाही. ते आंगणातच उभे राहतात.'

मी पेन खाली ठेवलं आणि पूर्ण वाचलं. शुद्धलेखनाचं अजून काही बोललो नाही. 'येऊन राहिले'चं काय करू, हे त्यालाच विचारणार आहे.

---

गोदाकाठ
९ ऑक्टोबर, सकाळी ८.००

खडूफळा, ते 'येऊन राहिले' तसंच राहू द्या. प्रमाण रूप त्याला शेजारी लिहून दाखवा, दोन्ही त्याच्या वहीत राहतील. मला आमच्या जुन्या विभागात एका शनिवारी बोलावलं आहे. व्याख्यान देणार होतो. आता ठरवलं आहे की एमएच्या मुलांकडून एक पान लिहून घेईन, दुसऱ्या शनिवारी तेच पान पुन्हा लिहून घेईन. ज्यांना कन्नड येतं त्यांना ते कन्नडमध्ये सुरू करायला सांगेन.

---

पाटीपेन्सिल
११ ऑक्टोबर, रात्री ११.५०

ताई, सातव्यांदा लिहिलाय.

"नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला आलेले पंजाबी भाविक गाड्या करून आमच्याकडे नर्सीला येतात. मी नऊ वर्षांची असताना त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने मला जवळ बसवून नामदेवांचं एक पद म्हणून दाखवलं. मला एकच शब्द ओळखू आला, 'देहुरा'. आमच्या घरी आजोबा औंढ्याच्या देवळाची गोष्ट कीर्तनात सांगायचे, देऊळ नामदेवांसाठी फिरलं ती. बाई तीच गोष्ट गात होती. आजोबांच्या कीर्तनात नामदेव शिंपी आहेत. ग्रंथसाहिबातल्या पदात ते स्वतःला छीपा म्हणवतात, म्हणजे कापडावर छाप उठवणारा, आणि जातीवरून देवळातून उठवल्याचं दुःख तिथे उघड बोलतात. आजोबांच्या कीर्तनात त्या दुःखावर पोचायच्या आत देऊळ फिरून जायचं आणि टाळ सुरू व्हायचे. शिंप्याचा छीपा वाटेत कुठे झाला, आणि आमच्या कीर्तनात ते दुःख इतक्या लवकर का आवरलं जातं, हे मला शोधायचं आहे."

गुरुमुखी वाचता यायला लागलंय, हळू. समीक्षालेखाची अकरा पानं मराठीत झालीत. 'छीपा' आणि 'शिंपी' या शब्दांच्या व्युत्पत्तीवर अडकलेय. जोडाक्षर दादा, कुठला कोश बघू?